कागदावरचं नाव



विसाव्या शतकात बाईच्या आयुष्यात काय बदललं, हा आजच्या बोलण्याचा विषय. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा. म्हणून मी एकच धागा धरणार आहे. तो धागा म्हणजे बाईचं नाव. ते कुठल्या कागदावर होतं, कुठल्या कागदावर नव्हतं आणि कधी आलं, एवढंच पाहू या.

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. शिक्षण, जमीन, कर अशी कुठलीही अट न घालता प्रत्येक सज्ञान स्त्री-पुरुषाला मत मिळालं. मतदारयाद्या करायला कर्मचारी घरोघर गेले. दारावर थाप मारून नाव विचारलं की आतून उत्तर यायचं, ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’. परक्या पुरुषाला स्वतःचं नाव सांगायचं कसं? मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन ठाम राहिले. स्वतःचं नाव नसेल तर यादीत नोंद नाही. देशातल्या सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख बायकांच्या नोंदी अशा रद्द झाल्या. त्यातल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान या भागांतल्या. ओरड झाली. सेन यांचं म्हणणं असं, की ओरड झाली ते बरंच झालं. पुढच्या निवडणुकीला याच बायका नाव सांगतील.

विचार करा. राज्यघटनेनं हक्क दिला होता. मतपेटी दारापर्यंत आली होती. मध्ये अडलं होतं ते फक्त एक नाव.

हे काही एका धर्माचं किंवा एका जातीचं नव्हतं. आपल्या महाराष्ट्रात बाई नवऱ्याचं नाव उखाण्यातच घेणार, आणि तिचं स्वतःचं नाव लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं लिहिलं जाणार. वीस वर्षं ज्या नावाला ‘ओ’ दिली, ते त्या दिवशी संपलं. आमच्या मुसलमान घरांत लग्नानंतर नाव बदलण्याची चाल नव्हती. पण नाव राहिलं म्हणजे ते कुणी घेत होतं असं नाही. माझ्या दादीचं नाव मला शाळेत जाऊ लागल्यावर कळलं, तेही रेशनकार्डावर. तोवर ती सगळ्यांची ‘बडी अम्मा’. आमच्याकडच्या जुन्या लग्नपत्रिका काढून बघा. नवऱ्यामुलाचं नाव ठळक, त्याच्या वडिलांचं नाव, आजोबांचं नाव. मुलीच्या जागी मात्र ‘दुख्तर-ए-नेक-अख्तर’. म्हणजे भाग्यवान ताऱ्याची मुलगी. शब्द किती सुंदर! पण ज्या मुलीचं लग्न, तिचंच नाव पत्रिकेत नाही. पत्रिका दहा हातांत जाणार, मग मुलीचं नाव दहा हातांत कसं द्यायचं, हा त्यामागचा विचार.

मी कविता लिहिते. त्यामुळे पुस्तकावरच्या नावाकडे माझं लक्ष आपोआप जातं. १८९८ मध्ये लाहोरला ‘तहज़ीब-ए-निसवाँ’ नावाचं बायकांसाठीचं उर्दू साप्ताहिक निघालं. मौलवी सय्यद मुमताज़ अली आणि त्यांच्या पत्नी मुहम्मदी बेगम यांनी ते काढलं, आणि संपादक होत्या मुहम्मदी बेगम. घरात बसून बायका वाचू लागल्या, मग लिहू लागल्या. पण सही काय करायची? ‘गूदड का लाल’ ही त्या काळात गाजलेली कादंबरी ज्या बाईंनी लिहिली, त्यांनी स्वतःला ‘वालिदा अफ़ज़ल अली’ म्हणवलं. म्हणजे अफ़ज़ल अलीची आई. थोर लेखिका कुर्रतुलऐन हैदर यांच्या आई सुरुवातीला ‘बिंत-ए-नज़रुल बाक़र’ या नावानं लिहीत. म्हणजे नज़रुल बाक़रची मुलगी. अलीगढकडच्या एका घराण्यातल्या ज़ाहिदा ख़ातून शेरवानी या कवयित्रीनं तर नावाची फक्त आद्याक्षरं ठेवली, ज़े-ख़े-शीन. १९२२ मध्ये ऐन तारुण्यात त्या गेल्या. वाचणाऱ्यांपैकी कित्येकांना ही तीन अक्षरं म्हणजे कोण, हे ठाऊकच नव्हतं.

मराठीत काय निराळं होतं? १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं आणि एकच खळबळ उडाली. लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर. ही विभावरी कोण, यावर चर्चा झडल्या, संताप झाला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नावाचून घुसमटणाऱ्या मुलींचं मन इतकं उघडं लिहिणारी बाई स्वतःचं नाव लावून समोर येणं तेव्हा अवघड होतं. त्या मालती बेडेकर, हे पुढे उघड झालं. म्हणजे लाहोर असो, अलीगढ असो की पुणे, विचार सांगायला बाई तयार होती. नाव सांगायला समाजानं तिला जागा ठेवली नव्हती.

पण याच वर्षांत चित्र पालटूही लागलं. १९३२ च्या शेवटी लखनौहून ‘अंगारे’ हा कथासंग्रह निघाला. त्यात डॉक्टर रशीद जहाँ यांचं लेखन होतं, त्यांच्या खऱ्या, पूर्ण नावानं. पुस्तकावर बंदी आली, धमक्या आल्या, नाव मात्र मागे घेतलं गेलं नाही. रशीद जहाँ यांचे आई-वडील म्हणजे वहीद जहाँ आणि शेख अब्दुल्ला. १९०६ मध्ये अलीगढला मुलींची शाळा काढणारं हे जोडपं. पुढे रशीद जहाँ यांनाच आदर्श मानणाऱ्या इस्मत चुगताई आल्या. ‘लिहाफ’ कथेबद्दल त्यांच्यावर लाहोरच्या न्यायालयात खटला झाला, तर त्या मुंबईहून जाऊन स्वतःच्या नावानं उभ्या राहिल्या आणि सुटल्या. ज़े-ख़े-शीन या तीन अक्षरांपासून इस्मत चुगताई या भरघोस नावापर्यंत पुरती पंचवीस वर्षंही लागली नाहीत.

हे कशामुळे घडलं? माझं उत्तर साधं आहे. शाळेच्या हजेरीपटामुळे. मुलीचं स्वतःचं नाव रोज मोठ्यानं पुकारलं जातं अशी पहिली जागा म्हणजे शाळा. तिथं ‘अमक्याची मुलगी’ म्हणून चालत नाही. नाव घेतलं की ‘हजर’ म्हणावं लागतं.

बंगालच्या बेगम रोकेया सखावत हुसेन यांनी १९११ मध्ये कलकत्त्यात मुसलमान मुलींसाठी शाळा सुरू केली, तेव्हा पटावर आठ मुली होत्या. रोकेया स्वतः लपूनछपून शिकलेल्या. रात्री घर झोपलं की मोठा भाऊ मेणबत्तीच्या उजेडात शिकवायचा. त्यांच्या शाळेच्या गाडीची गोष्ट त्यांनीच लिहून ठेवली आहे. पडदा पाळायचा म्हणून गाडी चहूबाजूंनी बंद केली. आत हवा नाही, उजेड नाही. मुली घाबरल्या, काही बेशुद्ध पडल्या. मग फटी ठेवून त्यांना पडदे लावले. तर वाऱ्यानं पडदे हलतात, बेपर्दगी होते, अशी रागाची पत्रं आली. एक मुलगी शाळेत पोचवायची तर किती जणांचं समाधान करावं लागत होतं! तरी ती गाडी चालू राहिली.

आकडे सांगते. १९०१ च्या जनगणनेत आपल्या देशातल्या शंभर बायकांत एकही धड साक्षर नव्हती. प्रमाण एक टक्क्याच्याही खाली होतं. १९५१ मध्ये ते ९ टक्क्यांच्या आसपास आलं. २००१ मध्ये ५३ टक्क्यांच्या वर गेलं. त्याच जनगणनेत देशातल्या मुसलमान बायकांत हे प्रमाण ५० टक्के होतं. वेग कमी असेल, पण शतकाच्या सुरुवातीला ज्या घरांत बाईच्या हाती लेखणी नव्हती, त्या घरांत ती आली. आणि लेखणी हाती आली की पहिली गोष्ट बाई काय करते? आपलं नाव लिहून बघते.

आता थोडं हक्कांविषयी. आमच्या धर्मात बाईला वारसा आहे. मुलाच्या निम्मा, पण आहे. निकाहात तिची संमती लागते, मेहर तिच्या नावानं ठरतो. हे आम्ही नेहमी अभिमानानं सांगतो. पण कागदावर काय होतं? मुंबईच्या खोजा आणि कच्छी मेमन कुटुंबांत मुलीला वारसा देत नसत. ही रूढी आहे, असं म्हणून १८४७ मध्ये मुंबईच्या न्यायालयानं ती मान्यही केली. धर्मानं दिलेलं रूढीनं काढून घेतलं आणि न्यायालयानं त्यावर शिक्का मारला. पुढं १९३७ मध्ये शरीयत कायदा झाला, तेव्हा रूढीपेक्षा शरीयत वरची ठरली. मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांनी या बदलाची मागणी केली होती, याची नोंद त्या विधेयकाच्या उद्देशातच आहे. पण त्या कायद्यात एक छोटंसं वाक्य होतं. शेतजमिनीचा प्रश्न त्यातून वगळला होता. खेड्यात राहणाऱ्या कुटुंबाजवळ शेतजमिनीशिवाय असतं काय?

माझ्या फुफीची हकीकत सांगते. सोलापूर जिल्ह्यात आमची दहा एकर कोरडवाहू जमीन. दादा वारले तेव्हा मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. माझे अब्बा, चाचा आणि फुफी. शरीयतच्या हिशोबानं चार, चार आणि दोन एकर. वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली. मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा हक्कसोडपत्राचा कागद घरी आला. गावात हे सगळ्याच घरांत चालतं. मराठ्यांच्या घरी, माळ्यांच्या घरी, आमच्या घरी. बहिणीनं हक्क सोडायचा, भावानं साडीचोळी करायची आणि माहेर शाबूत राहायचं. फुफी मराठी चौथी शिकलेली. सही करता यायची. तिनं कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि माझ्याकडे दिला. म्हणाली, “क्या लिख्या है, पढके सुना.”

मी वाचायला लागले. समोर अब्बा आणि चाचा बसलेले. ‘माझ्या राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाशिवाय’ इथपर्यंत आल्यावर तिनं मला थांबवलं. “मेरी खुशी करके लिख्या है? मेरे कू कोन पूछ्या?” असं म्हणाली. आवाज चढवला नाही. रडलीही नाही. अब्बांनी पेनाचं टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं.

तिनं त्या दिवशी सही केली नाही. पुढं दोन ईदांना तिला आणायला कुणी गेलं नाही. तिसऱ्या वर्षी अब्बा स्वतः एस.टी.नं गेले आणि तिला घेऊन आले. जमिनीचं बोलणं पुन्हा कुणी काढलं नाही. तिच्या दोन एकरांची ज्वारी तिच्या घरी कधी गेली नाही, हेही खरं. पण सातबाऱ्यावर तिचं नाव राहिलं, आणि ती गेल्यावर तिच्या मुलाबाळांचं लागलं. माझ्या अब्बांना मी कठोर म्हणणार नाही. त्यांनी तेच केलं जे पंचक्रोशीतला प्रत्येक भाऊ करत होता. फुफीनं मात्र जे केलं ते पंचक्रोशीतली फारशी कुठली बहीण करत नव्हती. तिनं सही करण्याआधी मजकूर वाचून घेतला.

हिंदू बहिणींसाठी १९५६ मध्ये वारसा कायदा झाला. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीनं जन्मजात वाटा महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला आणि संसदेनं २००५ मध्ये साऱ्या देशाला. त्याआधी, १९८६ मध्ये, चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं आणि त्यानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम निघाली. शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन करून द्यावी, हे तिचं म्हणणं. कित्येक गावांत ते घडलं. कायदा येण्याची वाट न बघता घरातलं नाव सातबाऱ्यावर नेलं गेलं.

आता निकाहनाम्याकडे वळू. माझ्या दादीच्या निकाहनाम्यावर अंगठा आहे. अम्मीच्या निकाहनाम्यावर तिची सही आहे, अक्षरं थरथरलेली. आणि माझ्या निकाहनाम्यावर सही करण्यापूर्वी मी तो वाचला. काझीसाहेब दोन मिनिटं थांबले, एवढंच. कुणाचं काही बिघडलं नाही.

वाचण्यासारखं त्यात असतं तरी काय, असं कुणी विचारेल. पुष्कळ असतं. निकाह हा करार आहे आणि करारात अटी घालता येतात. विशिष्ट परिस्थितीत स्वतः विभक्त होण्याचा अधिकार पत्नीला देणारी अटसुद्धा घालता येते. तिला तफ़वीज़ म्हणतात. पाकिस्तानात १९६१ च्या कायद्यानं छापील निकाहनाम्यात त्यासाठी वेगळा रकाना ठेवला, अठरावा. आणि तिथल्या बायका सांगतात, की पुष्कळ लग्नांत नवरीला न विचारता त्या रकान्यावर रेघ मारलेली असते. रकाना असून काय करायचं, वाचणारं माणूस नसेल तर?

आपल्याकडे १९३९ मध्ये मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल, दोन वर्षं पोटाला घालत नसेल, छळ करत असेल, तर बाई न्यायालयात जाऊन मोकळी होऊ शकते. त्याआधी हनफी पद्धतीत तिला जवळजवळ वाट नव्हती. पंजाबात काही बायका नवऱ्याच्या तावडीतून सुटण्यासाठी धर्मच सोडू लागल्या, तेव्हा उलेमांनी मालिकी पंथाचा आधार शोधून वाट काढली. गरज पडली की मार्ग निघतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकारानं सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. तोंडी तलाक बंद करा, ही मागणी. फक्त सात! पण त्या सात जणी स्वतःच्या नावानं, उघड्या रस्त्यावर चालल्या. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. दलवाईंच्या पत्नी मेहरुन्निसा दलवाई यांनी पुढे ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मचरित्र लिहिलं. ते मराठीत आहे आणि त्यांच्या पूर्ण नावानं आहे.

शाहबानो हे नाव ठाऊक नाही असा माणूस या देशात विरळा. इंदूरची ही बाई १९७८ मध्ये पोटगी मागायला न्यायालयात गेली तेव्हा बासष्ट वर्षांची होती. उच्च न्यायालयानं महिना १७९ रुपये २० पैसे दिले. नवऱ्याचं अपील १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फेटाळलं. मग देशभर वादळ उठलं, मोर्चे निघाले आणि त्याच वर्षी शाहबानोचं एक जाहीर पत्र आलं, की हा निकाल मला नको. त्या पत्रावर सही नव्हती, अंगठा होता. मला त्या अंगठ्याचा विचार पुष्कळदा येतो. तिच्या नावानं सारा देश बोलत होता. तिच्यासमोर तो मजकूर कुणी शांतपणे वाचला असेल का? वाचल्यावर तिला ‘तुला काय वाटतं’ असं विचारलं असेल का?

१९८६ मध्ये वेगळा कायदा आला. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ स्त्रीच्या बाजूनं लावला. २०१७ मध्ये एका दमात दिलेला तिहेरी तलाक न्यायालयानं रद्द ठरवला, २०१९ मध्ये तो गुन्हा झाला. त्यात शिक्षा असावी की नसावी यावर आमच्या समाजातल्या जागरूक बायकांतही दोन मतं आहेत, आणि ती असू द्यावीत. जुलै २०२४ मध्ये न्यायालयानं पुन्हा सांगितलं, की सगळ्या स्त्रियांसाठी असलेलं पोटगीचं कलम मुस्लिम स्त्रीलाही लागू आहे. शाहबानो ज्या दारात उभी होती, तिथं पोचायला ३९ वर्षं लागली.

नाव कागदावर आलं म्हणजे सगळं झालं असं मात्र समजू नका. पंचायतीत बायकांसाठी एकतृतीयांश जागा १९९३ पासून राखीव झाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. तरी फलकावर बाईचं नाव आणि खुर्चीत तिचा नवरा, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या फुफीचं नाव सातबाऱ्यावर होतं, ज्वारी दुसऱ्या घरी होती. नावाच्या मागून हात यावा लागतो, आणि त्याला आणखी वेळ लागतो. पण नावच नसेल तर हात मागणार तरी कशाच्या जोरावर?

१ मे २०२४ नंतर महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरला आहे. १९५२ मध्ये बायका ‘अमक्याची आई’ म्हणून सांगत आणि यादीतून वगळल्या जात. आज मूल सांगतं, मी अमकीचा, मी अमकीची. ७२ वर्षांत गोष्ट एवढी फिरली.

शेवटी एक काम सांगते. या रविवारी घरातली कागदांची पेटी उघडा. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख कोण आहे ते बघा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं ते नाव घरातल्या सर्वांत मोठ्या सज्ञान स्त्रीचं असायला हवं. मग सातबारा काढा, घरपट्टीची पावती काढा, बँकेचं पुस्तक काढा, निकाहनामा असेल तर तोही काढा. कुठं कुणाचं नाव आहे ते घरातल्या बायकांसमोर मोठ्यानं वाचा. आणि एखाद्या कागदावर त्यांची सही हवी असेल, तर पेन देण्याआधी त्यांना तो वाचू द्या.